जुन्या मोटारीस प्लग निवडताना

आपल्याकडील एखाद्या अंगणात अद्यापही पेट्रोलवरील अॅम्बॅसेडर उभी दिसते. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले; परंतु आजाऱ्यास रात्री-अपरात्री शहरी न्यावयास घरात तीच एक गाडी असेल, तर ती ऐन वेळी सुरू होणे ही केवळ हौसेची बाब उरत नाही. गाडी अडखळू लागली की घरधनी दुकानी जाऊन ‘चार प्लग द्या’ म्हणतो आणि हाती येतील ते घेऊन परततो. आमचे सांगणे असे की, जुने प्लग काढून पाहिल्यावाचून नवे घेऊ नयेत.

इंजिन थंड असता प्लग काढावेत आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा, ते ध्यानात ठेवावे. टोक फिकट तपकिरी वा करडे असेल तर प्रकृती ठीक आहे. कोरडी काळी काजळी असल्यास बहुधा कार्बुरेटर पेट्रोल अधिक सोडीत असतो. टोक तेलाने ओले असेल, तर पिस्टनच्या रिंगा अथवा व्हॉल्व्हच्या गाईड झिजल्या असण्याचा संभव असतो. तेथे नवा प्लगही थोड्याच दिवसांत तसाच होईल. पांढरे पडून फोड आलेले टोक मात्र धोक्याचे: प्लग फार तापत आहे.

आता उष्णतेच्या क्रमांकाविषयी. प्लगचे टोक काजळी जाळण्याइतके, म्हणजे सुमारे ४५० अंश सेल्सिअस, तापले पाहिजे. पण ८५० च्या पलीकडे गेल्यास ठिणगीआधीच पेट्रोल पेटते आणि पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून कमी-अधिक ‘उष्ण’ प्लग निघतात. गोंधळ असा की, एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश व चॅम्पियन यांचा वाढला की उष्ण! (ज्यांना आपण मायको म्हणत आलो, ते प्लग बॉशचेच, ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने चालते.) तेव्हा एका कंपनीचा आकडा दुसरीत शोधू नये, दुकानदाराकडून तुलनेचा तक्ता मागावा.

आट्यांची लांबीही तितकीच महत्त्वाची. अॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनास १४ मिलिमीटर जाडीचा व १९ मिलिमीटर लांब आट्यांचा प्लग लागतो. १२.७ मिलिमीटरचा प्लगही त्याच भोकात निमूटपणे बसतो, पण ठिणगी आत दडते व उरलेल्या आट्यांत काजळी साठते. उलट, आखूड आट्यांच्या इंजिनात लांब प्लग घातल्यास पिस्टन त्यावर आदळू शकतो.

महागड्या इरिडियम प्लगांनी या जुन्या इंजिनास फारसा लाभ होत नाही, साधे पुरेत. फट मात्र पट्टीने मोजावी, या इंजिनास सुमारे ०.६३ मिलिमीटर. प्लग आधी हातानेच फिरवावा. वायसर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा पुरे.