पंचनाम्यानंतरचे वर्ष

पूर ओसरला म्हणजे आपत्ती संपली, अशी समजूत सर्वत्र आढळते. पाणी उतरते, रस्ते खुले होतात, छावण्या मोडतात, पंचनामे पुरे होतात आणि अनुदानाच्या याद्या चावडीवर लागतात. त्यानंतर शासनाचे आणि समाजाचेही लक्ष दुसरीकडे वळते. वस्तुतः शेतकरी कुटुंबाची खरी कसोटी ह्याच सुमारास सुरू होते. नुकसानीची मोजदाद करणारी यंत्रणा राज्यात आहे. परंतु मोजदाद झालेले कुटुंब पुढच्या वर्षभरात पुन्हा उभे राहिले की नाही, हे पाहणे कोणाच्याही नेमून दिलेल्या कामात नाही. ही उणीव भरून काढणे हे शासनाचे कर्तव्य आहे व त्याचा खर्च शासनानेच सोसला पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्याचा अनुभव

कोल्हापूरच्या शेतकऱ्यास पूर नवीन नाही. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्यांच्या पाण्याने भरलेली पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात नदीचे पाणी शिरले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक स्नानास गर्दी करतात. साधा पूर हा नदीकाठच्या जीवनाचा एक भागच होता. त्याने आणलेल्या गाळावर मळीच्या जमिनी पोसल्या गेल्या.

अलीकडचे महापूर मात्र ह्या हिशेबात बसणारे नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ अशा दोन्ही वेळी नदीने ५५ फुटांची पातळी ओलांडली. जुलै २०२४ मध्ये धोक्याची पातळी पुन्हा ओलांडली गेली. दोन महापुरांत पुरती दोन वर्षेही गेली नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०१९ मध्ये जे कुटुंब मोडले, ते सावरण्यापूर्वीच २०२१ चे पाणी त्याच्या दारात आले. शिरोळ तालुक्यात तर कृष्णा व पंचगंगा ह्यांचे पाणी एकमेकांस अडविते आणि शिवारात कित्येक दिवस तुंबून राहते.

पुराच्या कारणांचा विचार शासनाने केलेला आहे. २०१९ नंतर श्री. नंदकुमार वडनेरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिने २०२० मध्ये अहवाल दिला. जागतिक बँकेच्या साहाय्याने पूरनियंत्रणाचा कार्यक्रमही राज्याने हाती घेतला आहे. हे प्रयत्न नदीसंबंधीचे आहेत व ते आवश्यकच आहेत. नदीकाठच्या घराचा विचार मात्र ह्याहून वेगळा करावा लागेल.

कुटुंब एक, नोंदी अनेक

महापुरानंतर गावात कोण कोण येते ते पाहावे. गावकरी ज्यांस अजूनही तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक म्हणून ओळखतात ते तिघे पिकांचा पंचनामा करतात. घराची पडझड पाहण्यास अभियंता येतो. मेलेल्या जनावराची नोंद पशुवैद्यकीय अधिकारी करतो. कर्जाचा हिशेब विकास सेवा सोसायटीच्या सचिवाकडे असतो आणि उसाची नोंद साखर कारखान्याच्या शेती गटकार्यालयात. प्रत्येकजण आपले काम करतो. त्यांत कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. पण ह्या पाच-सहा नोंदवह्या एकत्र ठेवून एका घराकडे पाहणारा मनुष्य त्यांत कोणीच नसतो.

ह्याचा परिणाम कसा होतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शिरोळ तालुक्यातील एका कुटुंबास दीड एकर ऊस, दोन म्हशी व एक पक्के घर आहे. महापुरात ऊस बुडाला, एक म्हैस मेली व घराची एक बाजू पडली. २०२२ ते २०२६ ह्या काळासाठी केंद्र शासनाने ठरविलेल्या निकषांनुसार ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालेल्या बागायती पिकास हेक्टरी १७,००० रुपये, दुभत्या म्हशीस ३७,५०० रुपये व अंशतः पडलेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये मिळतात. राज्य शासन वेळोवेळी त्यात भर घालते. ती भर सोडून दिली तर ह्या कुटुंबास सुमारे चोपन्न हजार रुपये मिळावयास हवेत. ही रक्कम नुकसानीच्या मानाने थोडी आहे हे उघड आहे. परंतु ती थोडी असल्यामुळेच कोणत्या क्रमाने खर्च होते, ह्यास फार महत्त्व येते.

कोल्हापूरकडील लहान शेतकऱ्याचा संसार दोन प्रकारच्या उत्पन्नांवर चालतो. उसाचे बिल वर्षातून एकदा येते आणि त्यातून सोसायटीचे कर्ज प्रथम वळते होते. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते; त्यावर किराणा, औषधपाणी व मुलांची शाळा चालते. म्हैस गेली की हे दहा दिवसांचे बिल निम्म्यावर येते. मग दुकानदाराची उधारी वाढते. पिकाचे अनुदान हाती येताच ते उधारीत जाते. खोडव्यास खत घालण्यास व सुरू लागणीच्या बेण्यास पैसा उरत नाही. पुढील हंगामात टनेज घटते, सोसायटीचे देणे मुदतीत फिटत नाही आणि मुदतीत फेड करणाऱ्यास मिळणारी व्याजाची सवलतही हातची जाते. थकबाकीदारास नवे पीककर्ज मिळत नाही; म्हणून तो खासगी सावकाराकडे वळतो. पुराच्या पाण्याने त्याचे एकच पीक नेलेले असते. त्यानंतरच्या ह्या साखळीने त्याचे शेत जाण्याची वेळ येते. आणि ह्या साखळीतील एकही कडी कोणत्याही पंचनाम्यात नोंदली जात नाही.

कागदपत्रांतील अडचणी

अनुदान मंजूर होऊनही हाती न पडण्याची कारणे बहुधा लहान असतात. सातबाऱ्यावर सामाईक खातेदार असतात व त्यांतील एकजण परगावी असल्याने संमतीपत्र राहून जाते. बँक खात्यास आधार जोडलेले नसते किंवा ई-केवायसी झालेली नसते. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद राहून गेलेली असते. वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा देता येत नाही. पती निवर्तला तरी वारसनोंद झालेली नसते आणि विधवा स्त्री नुसती हेलपाटे घालीत राहते. शिकलेल्या व तालुक्यास ओळख असलेल्या माणसास ह्या अडचणी आठवड्यात सोडविता येतात. ज्यास त्या सोडविता येत नाहीत त्यासच मदतीची अधिक गरज असते.

वाटेकरी, खंडाने जमीन कसणारा व शेतमजूर ह्यांची स्थिती ह्याहून बिकट आहे. वाटेकऱ्याने बेणे, खत व श्रम घातलेले असतात. पण सातबारा मालकाच्या नावाचा असल्याने पिकाचे अनुदान मालकाच्या खात्यावर जमा होते. शेतमजुराचे तर पीकच नसते; त्याची दोन महिन्यांची मजुरी बुडते व ती कोणत्याही रकान्यात बसत नाही.

नुसती वस्तू देऊन कुटुंब स्थिरावत नाही, ह्याचे उदाहरण करवीर तालुक्यातच आहे. चिखली व आंबेवाडी येथील पूरग्रस्तांसाठी सोनतळी येथे भूखंड दिले गेले. तरीही पाणी चढू लागले की ह्या गावांतील माणसांना जनावरांसह जुन्या घरांतून सोनतळीकडे निघावे लागते. शेत, गोठा व वैरण जेथे असते तेथेच शेतकऱ्याचे घर राहते. भूखंडाबरोबर ह्या प्रश्नांचा विचार घरोघर बसूनच करावा लागतो.

किल्लारीचा धडा

कुटुंबाच्या सोबतीने पुनर्वसन करण्याचा अनुभव महाराष्ट्रास नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत नव्या गावठाणांबरोबरच तडे गेलेल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्याचा मोठा कार्यक्रम शासनाने चालविला. त्यात घरमालकाने काम पुढे नेईल तसतसे हप्ते मिळत. ह्या कामात लोकसहभागाची जबाबदारी शासनाने स्वयम् शिक्षण प्रयोग ह्या संस्थेवर सोपविली आणि गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून कामास लावले. हप्ता का अडला, साहित्य कोठे मिळेल, भिंतीस कोणता आधार द्यावा, हे समजावून सांगणारी व अभियंत्यास प्रश्न विचारणारी बाई गावातीलच होती. अशी माहिती जवळच्या माणसाकडून मिळाली की ती पटते व उपयोगात येते.

परदेशातही हाच विचार मान्य झाला आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळाने फार मोठी हानी केली. त्यानंतर २००६ मध्ये तेथील आपत्तीविषयक कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. त्यामुळे आपद्ग्रस्त कुटुंबांच्या गरजा ओळखून त्यांचा पाठपुरावा करणारे कार्यकर्ते शासकीय खर्चाने पुरविता येऊ लागले. श्रीमंत देशातही नुसता धनादेश पुरा पडला नाही, हा त्यातील घेण्यासारखा भाग आहे.

कुटुंबवार पाठपुरावा कसा असावा

कोल्हापूर जिल्ह्यासाठी पुढील योजना व्यवहार्य आहे. महापूर जाहीर झाल्यावर बाधित गावांत कुटुंबवार पाठपुराव्यासाठी कार्यकर्ते अठरा महिन्यांकरिता मानधनावर नेमावेत. उमेद अभियानातील कृषी सखी व पशु सखी ह्या कामास योग्य आहेत; मात्र हे काम त्यांच्याकडून फुकट करवून घेऊ नये. एका कार्यकर्तीकडे पन्नास-साठांहून अधिक कुटुंबे नसावीत. सर्वच कुटुंबांस ह्याची गरज नसते. घर पडलेली, दुभते जनावर गमावलेली, भूमिहीन वा वाटेकरी, आणि विधवा स्त्री अथवा वृद्ध कर्ता असलेली कुटुंबे प्रथम घ्यावीत.

प्रत्येक कुटुंबाचे एक पत्रक असावे. पिके, जनावरे, घर, कर्ज, कागदपत्रे व आजारपण ह्यांची स्थिती त्यात एकत्र नोंदावी आणि पुढे काय करावयाचे व कोणी, हे तारखेसह लिहावे. त्याची एक प्रत कुटुंबाच्या हाती असावी. दर महिन्यास तहसीलदारांनी महसूल, कृषी, पशुसंवर्धन, पंचायत समिती, जिल्हा बँक व कारखाना ह्यांच्या प्रतिनिधींसमवेत बसून अडलेली पत्रके निकालात काढावीत.

पाठपुरावा शेतीच्या पंचांगाप्रमाणे चालावा. ऑगस्ट-सप्टेंबरात कागदपत्रे व वैरण ही पहिली कामे होत. गाळ लागलेली वैरण जनावरांस घालू नये, हे घरोघर सांगावे. उसाचे शेंडे पाण्याबाहेर राहिले असतील तर पीक सहसा तग धरते. सुरळीत गाळ शिरून कोंब कुजला असेल तर कांड्यांवरील डोळे फुटून पांगशा येतात व वजन आणि उतारा घटतो. असा ऊस कोणाच्या शेतात आहे ह्याची यादी करून हंगाम सुरू होताच त्याची तोड आधी मिळावी म्हणून कारखान्याकडे लागावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रब्बीचे बियाणे पाहावे व पीककर्जाचे मुदती कर्जात रूपांतर करावयाचे झाल्यास त्याचे लाभ व व्याजाचा बोजा दोन्ही समजावून द्यावेत. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू लागण साधली पाहिजे. ती चुकली तर आणखी एक वर्ष गेले. जूनपूर्वी जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक पत्रकावर उतरवून घ्यावेत, म्हणजे पुढील पुरात पुराव्याची अडचण पडणार नाही. म्हैस आधी घ्यावी की गोठा आधी उभारावा, ह्याचा निर्णय कुटुंबानेच करावा. कार्यकर्तीने हिशेब मांडून दाखवावा.

काही आक्षेप

कार्यकर्त्यांवर आधीच कामांचा भार आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे काम तलाठी वा कृषी सहायकाच्या माथी न मारता त्यासाठी वेगळी माणसे व वेगळी तरतूद हवी. हा पैसा थेट अनुदानात का वाटू नये, असेही कोणी विचारील. अनुदान वाढावे ह्यात शंका नाही. पण वाढीव अनुदानही संमतीपत्रावाचून अडून राहत असेल तर ते गरजवंतास मिळाले असे म्हणता येणार नाही. तिसरा आक्षेप गटबाजीचा आहे. कुटुंबांची निवड ग्रामसभेत निकष वाचून करावी व किती पत्रके निकालात निघाली हे तेथेच जाहीर करावे. कोणाचे कर्ज किती हे मात्र चारचौघांत वाचले जाऊ नये; शेतकऱ्याची अब्रू सांभाळली तरच तो खरी माहिती देईल. लोक परावलंबी होतील हे भय निराधार आहे. ज्यास वेळेवर बेणे व कर्ज मिळाले तो आपल्या पायावर उभा राहतो. परावलंबी होतो तो सावकाराकडे गेलेला.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा खेड्यासाठी अनेक खात्यांचा मिळून एकच ग्रामपातळीवरील कार्यकर्ता कल्पिला गेला. शेतकऱ्याच्या अडचणी खात्याखात्याने वाटून येत नाहीत, हे त्या कल्पनेचे मूळ होते. महापुराच्या काळात त्या कल्पनेकडे परत जाणे अगत्याचे आहे. शासनाचा निर्णय होईपर्यंत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एवढे तरी करता येईल: आपल्या गावातील सर्वांत अडलेली दहा कुटुंबे निवडावी, त्यांची पत्रके घालावी आणि सुरूची लागण होईपर्यंत त्यांची साथ सोडू नये. शेतकऱ्यांनीही आपला सातबारा, खाते, वारसनोंद व पीकनोंद पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावी. नदीचे पाणी पुन्हा चढेल ह्यात शंका नाही. ते चढण्यापूर्वी मागील पुरातील कोणते घर अजून उभे राहावयाचे आहे, हे गावास ठाऊक असले पाहिजे.