४३२ ची व्युत्पत्ति

आमचा नातू परवां खेळण्यांतली एक चिमुकली मोटार घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, हिच्यावर ४३२ लिहिलें आहे. ही एवढ्या वेगानें पळते का हो?" उभा जन्म रूपावली व अमरकोश घोकविण्यांत गेलेला, मोटारीच्या पोटांतलें मला काय कळणार? परंतु नांवाची व्युत्पत्ति कोणी विचारली कीं स्वस्थ बसवत नाहीं. शोधाअंतीं जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

निस्सान या जपानी कंपनीनें १९६९ च्या अखेरीस 'फेअरलेडी झेड' ही मोटार काढली. लांब नाक, आंखूड शेपूट, दोघांपुरती बैठक. स्वदेशीं विकावयाची ती दोन लिटर एंजिनाची. कारण त्या मापापलीकडे गेलें कीं जपानांत कर फार वाढे. तिची धाकटी पण जहाल बहीण ती 'झेड ४३२'. प्रत्येक सिलिंडरास चार झडपा, तीन कार्बुरेटर आणि दोन कॅमशाफ्ट, म्हणून ४३२! पाणिनीच्या सूत्राइतकें आटोपशीर नांव. अशा मोटारी चारशेंहून थोड्याच अधिक झाल्या. परदेशीं गेली ती २.४ लिटरची 'डॅटसन २४० झेड'.

या परदेशगमनांत नामकरणाचा तंटा आहे. 'फेअरलेडी' हें नांव कंपनीचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता यांनीं, अमेरिकेंत 'माय फेअर लेडी' हें संगीत नाटक पाहून, पूर्वींच्या एका मोटारीस दिलेलें. अमेरिकेंतील प्रमुख युताका कातायामा यांस तें अशा मोटारीस शोभेना. वरिष्ठांनीं ठेवलेलें नांव नोकरानें पुसावें काय? त्यांनीं पुसलें, व नुसता आंकडा लाविला. किंमत ३,५२६ डॉलर. मोटार हातोहात खपली. पूर्व आफ्रिकेची खडतर सफारी शर्यतहि तिनें १९७१ व १९७३ सालीं जिंकली; दुसऱ्या खेपेचा सारथि युगांडांत जन्मलेला, हिंदी वंशाचा शेखर मेहता.

पुढें अमेरिकेंत धुराचे व बंपरांचे कायदे कडक झाले. एंजिनाचा दम घटला, वजन वाढलें. भरपाईसाठीं १९७४ त एंजिन २.६ लिटर केलें. या '२६० झेड'मध्येंच मागें दोन जादा बैठकांची लांबट आवृत्ति निघाली. १९७५ त अमेरिकेकरितां २.८ लिटरची '२८० झेड' आली. तींत कार्बुरेटर जाऊन इंधन फवारण्याची योजना झाली. शौकीन मंडळी पहिल्या २४० लाच मान देतात आणि कायद्यांस बोल लावतात. मला हें पटत नाहीं. चार शौकिनांचा वेग किंचित् मंदावला म्हणून रस्त्याकडेच्या मुलांनीं धूर गिळावा काय?

कातायामांना १९७७ त मायदेशीं परत बोलावण्यांत आलें. ही पिढी १९७८ त संपली. ते स्वतः मात्र २०१५ पर्यंत, १०५ वर्षें जगले.

हें सारें मीं नातवास समजावून सांगितलें. चार, तीन, दोन त्यानें बोटांवर मोजले व विचारलें, "मग आजोबा, एक कुठें गेला?"