ग्रुपवरचं कॉलेज

राळेगावच्या पोरांचं अर्धं कॉलेज आता व्हॉट्सॲपवर भरतं. विद्यापीठ अमरावतीला, १९८३ सालचं. तिथली सूचना इथल्या फळ्यावर लागेपर्यंत पूर्वी फॉर्मची मुदत टळून जायची. आता परीक्षेचं वेळापत्रक कापूस वेचता वेचता कळतं. ही सोय लहान नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत तात्पुरता आलेला ग्रुप पुढे ठाण मांडून बसला. सर पीडीएफ टाकतात, खाली धडाधड अंगठे पडतात. फाईल उघडतं कोण, देव जाणे! शंका विचारावी तर मेसेज फक्त ॲडमिनलाच टाकता येतो. (फळा बरा, खाली उभं राहून भांडता तरी यायचं.) आणि जिचा नंबर म्हणून भावाचाच फोन ग्रुपात आहे, तिला सूचना कळते तो संध्याकाळी घरी आल्यावर, तीही त्याला आठवली तर.