दुकानाचा कॉम्प्युटर कोणाच्या हाती?

दुकानातील कॉम्प्युटर सांभाळण्याचे काम बाहेरच्या माणसाला वार्षिक करारावर द्यावे, की घरातलाच एखादा मुलगा शिकवून गल्ल्याशेजारी बसवावा, असा प्रश्न आमचे व्यापारी बांधव आम्हास वारंवार विचारतात. विचारणाऱ्याने उत्तर बहुधा मनात ठरवलेलेच असते. ज्याचा कॉम्प्युटरवाला तीन-तीन दिवस फोन उचलत नाही, त्याला घरचा माणूस हवा असतो. ज्याचा भाचा दुकानात बसून दिवसभर मोबाइलवर क्रिकेट पाहतो, त्याला बाहेरचाच बरा वाटतो.

आधी पैशाचा हिशेब पाहू. काम खरोखर जाणणारा मुलगा तालुक्याच्या गावीही पंधरा-वीस हजारांखाली टिकत नाही. आणि दोन कॉम्प्युटर, एक बिलाचा प्रिंटर, कॅमेरे व इंटरनेटची पेटी एवढ्या पसाऱ्यात त्याला रोज तासाभराचेही काम नसते. उरलेला वेळ तो माल मोजणार, म्हणजे आपण महागडा हमाल ठेवला. बाहेरचा माणूस पंधरा-वीस दुकाने पाहतो. आज एका दुकानात जो रोग त्याने पाहिला, तो उद्या आपल्याकडे आला तर त्याला औषध ठाऊक असते.

शिवाय काही कामे अशी आहेत की ती दुकानात कोणी करीतच नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. गंमत अशी की, ज्या भोकातून हा व्हायरस शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसविली ते वाचले. आपल्या काउंटरवरचा पोरगा अशी सूचना दिसली की ‘नंतर’वर बोट ठेवून गिऱ्हाइकाचे बिल काढतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही गोष्ट तरी किती दुकानांत कोणी कोणाला सांगितली असेल? असे लक्ष ठेवणे हे ज्याचे पोटच त्या धंद्यावर आहे त्याचे काम होय.

राहिला घरचा मुलगा. आमच्या कोकणात घरचा मुलगा म्हणजे आखाताच्या व्हिसाची वाट पाहणारा मुलगा. व्हिसा येतो, आठ दिवसांत तो कुवेतला पोहोचतो आणि दुकानाचे सारे पासवर्ड त्याच्या डोक्यातून त्याच्याबरोबर जातात. ड्युटी संपल्यावर रात्री तो व्हॉट्सॲपवर उत्तर देतो, मन लावून देतो. पण सकाळी अकरा वाजता गाडी दारात उभी असते आणि ई-वे बिल निघत नसते, त्या वेळी तो झोपलेला तरी असतो किंवा कामावर तरी.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही कॉम्प्युटरवाल्यांची वकिली मांडली आहे. तर आता आमचे स्वतःचे ऐका.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे नळ-पाइप व रंगाचे दुकान आहे. २००५ च्या पुरानंतर आम्ही त्या पाण्याच्या खुणेच्या वर माळा बांधला आणि कॉम्प्युटर तेथे नेला. कॉम्प्युटरची देखभाल बाहेरच्या माणसाकडे होती आणि करारात ‘दर आठवड्यास बॅकअप’ असे स्पष्ट शब्द होते. दर शनिवारी माणूस येई, बॅकअप घेई, आम्ही त्याच्या वहीत सही करीत असू. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले आणि जुन्या खुणेच्याही वर चढले. पाणी ओसरल्यावर चिखलातून कॉम्प्युटर काढला, आणि त्याच टेबलाच्या खणातून निघाली ती बॅकअपची डिस्क. ती कोठे असते हे आम्ही कधी विचारले नव्हते, त्याने कधी सांगितले नव्हते. करार त्याने अक्षरशः पाळला होता. चूक त्याची किती व आमची किती याचा निवाडा आम्ही अजून केलेला नाही. आमचे बंधू म्हणतात, बारा आणे आमची.

जीएसटीची विवरणे सरकारी पोर्टलवर होती. कंपन्यांकडून त्यांच्या खात्याचे उतारे आले. मागील वर्षाचा ताळेबंद सीएकडे होता. गेली ती उधारी. गावोगावचे प्लंबर, रंगारी, गवंडी, छोटे कंत्राटदार यांच्याकडे किती येणे आहे हे त्या एका यंत्राखेरीज कोठेही लिहिलेले नव्हते. एक म्हातारा गवंडी चिखल तुडवीत आला व म्हणाला, “शेठ, माझ्याकडे अकरा हजार चारशे आहेत, लिहून घ्या.” ताडून पाहायला आमच्यापाशी काही नव्हते. असे आणखीही काही जण आले. जे आले नाहीत त्यांना आम्ही विचारू शकलो नाही, कारण त्यांची स्वतःची घरे धुऊन गेली होती, आणि आकडा ठाऊक नसताना येणे मागणे म्हणजे माणसावर आळ घेणे. उलट बाजूही होती. तिघांनी आगाऊ रक्कम दिल्याचे सांगितले. आम्ही त्यांच्या शब्दावर माल दिला, पण तो हिशेब खरा होता की नाही, हे त्यांना आणि त्यांच्या रब्बलाच ठाऊक. लोकांची अमानत आपल्याकडे किती आहे हेच सांगता येऊ नये, ही अवस्था पुराच्या चिखलाहून वाईट होती.

त्याच महिन्यातील दुसरी एक घटना पुढे आमच्या वाचनात आली. दूरवर बसून गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कंपन्या ज्या सॉफ्टवेअरचा उपयोग करतात, असे एक सॉफ्टवेअर कासेया ही अमेरिकन कंपनी बनविते. २ जुलै २०२१ रोजी चोरांनी त्यातूनच खंडणीचा व्हायरस सोडला. कासेयाच्याच अंदाजाने आठशे ते पंधराशे छोटे-मध्यम धंदे त्यात सापडले. स्वीडनमधील ‘कूप’ या किराणा साखळीची सुमारे आठशे दुकाने बंद राहिली, कारण गल्ल्याची यंत्रेच चालेनात. कूपचा कासेयाशी थेट व्यवहार नव्हता. गल्ल्याची व्यवस्था ज्याच्याकडे दिली होती, त्याच्यामार्फत संकट आत आले. आपल्याकडेही जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर असाच हल्ला झाला, तेव्हा सुमारे तीनशे लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे पैसे पाठविण्याचे व्यवहार काही काळ तोडून ठेवावे लागले होते. त्या बँकांचे कॉम्प्युटरचे काम सी-एजकडे होते.

आपला कॉम्प्युटरवालाही घरबसल्या ‘एनीडेस्क’वरून आपल्या यंत्रात शिरतो. त्यात काही वावगे नाही, त्यामुळे त्याचे पेट्रोल व आपला वेळ वाचतो. पण त्याने कायमचा पासवर्ड लावून ठेवला असेल तर तो दरवाजा रात्रंदिवस उघडा आहे, आणि ज्या दिवशी त्याचे यंत्र बिघडेल त्या दिवशी त्याच्या पंधराही दुकानांना तो त्रास होईल. आपण समोर बसून ‘स्वीकार’ केल्यावरच तो आत यावा, एवढी व्यवस्था त्याच्याकडून करून घ्यावी.

म्हणून आमचे मत असे की, काम बाहेर द्यावे, पण मालकी देऊ नये. बोलायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात आपले बांधव नेमके उलट करतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला आणि वर्षभरात अर्थ मंत्रालयाला जाहीर करावे लागले की, नोंदणी करून देणाऱ्या मध्यस्थांनी स्वतःचाच ई-मेल व मोबाइल नंबर टाकला आणि आता ते लॉगिन देत नाहीत, अशा करदात्यांच्या तक्रारी येत आहेत. मग आपल्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रे नेऊन तो नंबर बदलून घेण्याची सोय करण्यात आली. ती सोय ज्यांनी अजून वापरली नसेल त्यांनी वापरावी. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर पासवर्डबरोबर ओटीपीही सर्वांनाच लागतो. तो कोणाच्या मोबाइलवर येतो? माल आपला, गाडी आपली, दंड झाला तर तोही आपला, आणि ओटीपी दुसऱ्याच्या खिशात! नोकराला किंवा सल्लागाराला काम करायचे असेल तर त्याच्या नंबरावर वेगळे उप-लॉगिन काढून देता येते, आणि तो गेला की ते बंदही करता येते.

टॅलीचा परवाना कोणाच्या ई-मेलवर आहे तेही पाहावे. दुकानाची वेबसाइट असेल तर तिचे नाव कोणाच्या नावे घेतले आहे, कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हेही पाहावे. हे सारे एका साध्या वहीत लिहून ती वही कागदपत्रांच्या तिजोरीत ठेवावी. कोणी हसेल, पण कुवेतला गेलेल्या भाच्यापेक्षा ती वही जवळ असते. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने ठेवावी लागतात. ‘कॉम्प्युटरवाला बदलला’ हे उत्तर तेथे चालत नाही.

बॅकअपविषयी एवढेच सांगतो की, तो घेतला जातो की नाही हे विचारू नका, तो उघडून दाखवा म्हणा. तीन महिन्यांतून एकदा, दुसऱ्याच यंत्रावर, आपल्यासमोर. एखाद्या गिऱ्हाइकाची उधारी त्यात शोधून पाहा.

कॉम्प्युटरवाल्याच्या बाजूनेही एक शब्द बोलणे भाग आहे. तोही एक कारागीरच आहे. वर्षाचे सहा हजार ठरवायचे, पाचांवर आणायचे, त्यातले दोन रमजानपर्यंत लांबवायचे, आणि वर टॅलीची चोरटी प्रत टाकून दे म्हणून गळ घालायची, असे वागणाऱ्या शेठचा फोन त्याने तीन दिवस उचलला नाही तर नवल कसले? चोरटी प्रत टाकणारा हात आपल्या हिशेबाशीही प्रामाणिक राहील, अशी अपेक्षा करणे तर भोळेपणाच होय. करार कागदाच्या एका पानावर असावा. कोणते काम, किती तासांत येणार, बॅकअप कोठे राहणार, आणि सोडून जाताना काय काय परत देणार, इतके त्यात पुरे.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्या शिंपी, सुतार, फॅब्रिकेशनवाल्या बांधवांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. त्यांचा मोबाइल हेच त्यांचे ऑफिस. मापे, डिझाइनचे फोटो, ऑर्डरी, सारे व्हॉट्सॲपवर. आणि त्या मोबाइलचे गूगल खाते बहुतेक वेळा मोबाइलच्या दुकानातल्या पोराने विकताना घाईत उघडून दिलेले, पासवर्ड त्यालाच ठाऊक किंवा आता त्यालाही आठवत नाही. मोबाइल हरवला की वर्षाची गिऱ्हाइके हरवली. हे खाते आज रात्रीच आपल्या हातात घेता येईल. मुलाला शेजारी बसवावे, अर्ध्या तासाचे काम आहे.

आमच्याकडे कॉम्प्युटरचे काम आजही बाहेरच्या माणसाकडेच आहे. माणूस दुसरा आहे. शनिवारचा बॅकअप इंटरनेटवर आमच्या खात्यात जातो, आणि एक डिस्क महिन्याच्या शेवटी पुण्याला मुलीकडे जाते. ती तेथून जुनी परत पाठविते. उधारीची यादी मात्र आमचे बंधू दर महिन्याला कागदावर छापून घरी नेतात. तिची गरज नाही असे कॉम्प्युटरवाला त्यांना दोनदा सांगून चुकला आहे.