बानूचे गाणे आणि मुरळीचे लग्न

पूर्वी कंधार तालुक्यात मोडणाऱ्या आणि आता लोहा तालुक्यात असलेल्या माळेगावी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते, आणि घोड्या-गाढवांच्या बाजाराइतकीच ती गाण्यांसाठीही ओळखली जाते. जागरण, म्हणजे कुळाचार म्हणून रात्रभर चालणारे खंडोबाचे गायन, यात वाघ्या, म्हणजे खंडोबाला वाहिलेला पुरुष, दिमडी वाजवतो आणि खंडोबाला वाहिलेली स्त्री, म्हणजे मुरळी, गाते-नाचते. त्यात देवाने दैत्य मारल्याच्या कथेपेक्षा देव बानूवर भाळल्याची कथा अधिक रंगते.

म्हाळसा ही लिंगायत वाण्याची लेक आणि विधिपूर्वक वरलेली पत्नी, तर बानू धनगराची. प्रचलित कथेप्रमाणे सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव घराबाहेर पडतो आणि वेश पालटून चंदनपुरीत बानूच्या बापाची मेंढरे राखतो. या प्रेमात जातीची मर्यादा ओलांडली जाते, हे आजच्या वाचकाला भावते. पण त्याच पावलाने म्हाळसेचा विश्वासही मोडतो, आणि या गीतांचे मोठेपण असे की ती हा पेच झाकत नाहीत. सवतींच्या भांडणात म्हाळसा बानूचे कूळ काढते, बानू तितक्याच तोऱ्याने उत्तर देते, आणि ऐकणाऱ्याला दोघींचेही पटत राहते. दोघींमधले हे अंतर देवळांतही दिसते: खंडोबाच्या जेजुरीला म्हाळसा गाभाऱ्यात देवाशेजारी आहे, तर बानूचे देऊळ गडाच्या चढणीवर निम्म्या वाटेत आहे.

मात्र एवढ्यावर कौतुक थांबवले, तर गाणारीवर अन्याय होतो. मुरळीचे लग्न देवाशी लागलेले असल्यामुळे तिला माणसाशी संसार थाटण्याची मुभा नव्हती. देवाच्या दुसऱ्या प्रेमावर भंडारा उधळणारा समाज तिच्या प्रेमाला मात्र व्यभिचार म्हणत आला, आणि तिच्या शरीरावर हक्क सांगणाऱ्या पुरुषांना त्याने कधी जाब विचारला नाही. लोकगीतांच्या संग्राहकांनी बानूची पदे जशी जिव्हाळ्याने टिपली, तशीच ती गाणाऱ्या स्त्रियांची स्वतःविषयीची साक्षही टिपायला हवी होती. कायद्याचे संरक्षणही या स्त्रियांना उशिराच मिळाले: देवाला मुली वाहण्यास बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९३४ चा कायदा निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला लागू नव्हता. सबंध महाराष्ट्रासाठी देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा आहे.

त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १९०८ मध्ये, दलित समाजसुधारक शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले आणि त्यातून मुरळीच्या प्रथेवर कठोर टीका केली. ती वाचून शिवूबाई नावाच्या मुरळीने १९०९ मध्ये मासिकाला पत्र लिहिले, आणि पुढे गणपतराव गायकवाड या कार्यकर्त्याशी तिचे लग्न झाले.