रिपोर्टला नको, रुग्णाला विचारा



उन्हाळ्यात कॉलेजांना सुट्ट्या लागतात, रक्तदान शिबिरं थंडावतात आणि रक्तपेढ्यांमध्ये चणचण सुरू होते. मग एक प्रश्न दबक्या आवाजात निघतोच: जे बरे होणारच नाहीत, अशा कॅन्सरच्या रुग्णांवर रक्त कशाला खर्च करायचं? वॉर्डात वर्षानुवर्षं रक्त लावलेली परिचारिका म्हणून मला हा प्रश्नच निर्दय वाटतो. पण रिपोर्टमध्ये एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, सहा दिसलं की डोळे झाकून पिशवी मागवायची, ही आपली रीतही मला पटत नाही.

एचबी सहा असलेला एखादा रुग्ण निवांत पडून असतो, तर आठ असलेल्या दुसऱ्याला कूस बदलली तरी धाप लागते. जठराच्या कॅन्सरमुळे रोज थोडं थोडं रक्त जाणारे एक काका आमच्याकडे होते. त्यांचं मागणं एकच होतं, बेडपॅन नको, संडासला आपल्या पायांनी जायचंय. एका पिशवीने एचबी साधारण एका ग्रॅमने वाढतं. दोन पिशव्यांनंतर काका भिंतीला धरून जाऊ लागले आणि पुढचे काही दिवस जात राहिले. ते रक्त वाया गेलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी भरल्या वॉर्डात एकदा बेडपॅन घेऊन पाहावं.

उलट अनुभवही आहेत. रुग्ण ग्लानीत, केमोने शिरा कडक झालेल्या, हातापायांवर टोचूनही सुई लागत नाही. कशीबशी शीर मिळाली की पहिली पंधरा मिनिटं शेजारी थांबून ताप, नाडी, बीपी पाहायचं आणि चार तासांच्या आत पिशवी संपवायची. थकलेल्या हृदयाला तेवढा भारही कधी सोसत नाही. मग फुप्फुसात पाणी साचतं आणि जिच्यासाठी रक्त लावलं, ती धापच वाढते. इकडे मुलगा बदली रक्तदात्यासाठी मित्रांना फोन लावत बाहेर फिरत असतो. ही बदलीची पद्धत बंद करायचं राष्ट्रीय रक्त धोरणात 2002 पासून लिहिलेलं आहे, तरी ‘डोनर आणलाय का?’ हे कानावर येतंच.

वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2012 साली बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना रक्त देण्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात नीट तुलना करून केलेली एकही यादृच्छिक चाचणी सापडली नाही. रक्ताने अनेकांचा थकवा आणि धाप कमी झाली होती, पण तो आराम दोनेक आठवड्यांत ओसरत होता. शिवाय रक्त दिल्यानंतर 14 दिवसांच्या आत 23 ते 35 टक्के रुग्ण दगावले होते. ते रक्तामुळेच गेले असं कुणी म्हणत नाही. पण रक्त कुणाला उपयोगी पडेल हे परदेशातही नीट पारखलं जात नाही, एवढं त्यातून दिसतं.

म्हणून पहिली पिशवी अजमावणीची मानावी. ती कशासाठी लावतोय, धापेसाठी की चार पावलं चालता यावं म्हणून, ते केसपेपरवर लिहावं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एचबी तपासण्याआधी रुग्णालाच विचारावं. फरक नसेल तर दुसरी पिशवी नको. धापेवर मॉर्फिन आहे, उशांना टेकवून बसवणं आहे, तोंडावर पंख्याचा वारा आहे. आणि हे घरच्यांना पहिल्या पिशवीच्या वेळीच सांगायला हवं. नंतर सांगितलं की ‘रक्त बंद केलं म्हणजे आमचा पेशंट सोडून दिलात का?’ असं ते विचारतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

ज्यांना खरोखर उपयोग होतो, त्यांनी मात्र एका पिशवीसाठी पुण्या-मुंबईला का जावं? अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत मुख्यतः बाळंतिणींसाठी रक्त साठवण केंद्रं आहेत. तिथेच ठरलेल्या वारी या रुग्णांसाठी एक-दोन खाटा राखाव्यात आणि त्यांच्याकडे बदली रक्तदाता मागू नये, असा साधा आदेश आरोग्य विभागाने काढावा.

एक निवृत्त परिचारिका, सातारा