पाठटाचण कोणी लिहायचे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी बाजारात आणले, आणि इयत्ता, विषय व घटक एवढे सांगताच संपूर्ण पाठटाचण मिनिटभरात पुढ्यात येऊन पडू लागले. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, प्रस्तावनेचे प्रश्न, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ, सारे रकाने भरलेले. सरावपाठांच्या आदल्या रात्री वह्या भरत बसणाऱ्या छात्राध्यापकाला या सोयीचा मोह पडला नाही तरच नवल! त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र या सोयीचा डांगोरा पिटणारे एका प्रश्नाला बगल देतात. टाचण लिहिताना होणारे शिक्षण आता छात्राध्यापकाला कोठे मिळणार?

जुन्या टाचणाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या शिष्यांनी एकोणिसाव्या शतकात बेतलेल्या पाच पायऱ्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोकल्या गेल्या. वरच्या वर्गातील मित्राची वही उतरवून काढणे, बाजारात मिळणाऱ्या तयार टाचणांच्या पुस्तकांवर वर्ष निभावणे, हे प्रकार यंत्र येण्यापूर्वीच रूढ होते. त्याचे मूळ छात्राध्यापकांच्या आळसात नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये या क्षेत्राची झाडाझडती घेतली. शिक्षक घडवणाऱ्या दहा हजारांहून अधिक स्वतंत्र संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीर प्रशिक्षणाचा प्रयत्नही न करता पैसे घेऊन पदव्या विकतात, असा आयोगाच्या निष्कर्षाचा दाखला केंद्र सरकारच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातच दिलेला आहे. जेथे वही तपासायलाच कोणी नाही, तेथे ती माणसाने लिहिली की यंत्राने, याची चिकित्सा कोण करणार? अशा संस्थाचालकांना हे यंत्र वरदानच वाटेल.

यंत्राचे समर्थक एका इंग्लिश प्रयोगाकडे बोट दाखवतात. तो प्रयोग प्रामाणिक आहे आणि नीट वाचण्यासारखाही आहे. एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत ६८ माध्यमिक शाळांतील २५९ विज्ञान शिक्षक होते. चॅटजीपीटी आणि ते कसे वापरावे याची मार्गदर्शिका ज्यांना दिली, त्यांचा पाठतयारीचा वेळ सुमारे ३१ टक्क्यांनी घटला. आठवड्याला ८१ मिनिटांच्या जागी ५६. पाठसाहित्याच्या दर्जात परीक्षकांना फरक आढळला नाही. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकाची आठवड्याला पंचवीस मिनिटे वाचत असतील, तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण हे सारे नोकरीत असलेले शिक्षक होते. यंत्राने दिलेल्यातले काय टाकायचे, हे त्यांना वर्गात उभे राहून आधीच कळलेले होते. छात्राध्यापकाला तेच तर शिकायचे असते.

एक उदाहरण घेऊ. घटक आहे ‘नफा-तोटा’. यंत्र दुकानदाराला दहा रुपयांना पेन खरेदी करायला लावील आणि बारा रुपयांना विकायला लावील. गणित अचूक असेल. आता हाच पाठ कांदा उत्पादकांच्या मुलांपुढे घ्यायचा आहे, आणि छात्राध्यापिका कोरा कागद घेऊन बसली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा किलोमागे एक रुपया दराने विकला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती सुमारे अडीच रुपये उरले आणि धनादेश मिळाला दोन रुपयांचा. अशी हिशेबपट्टी ज्या घरात येते, तेथील मुलाला तोटा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु त्याच्या घरच्या हिशेबात ‘खरेदी किंमत’ कोठे आहे? बियाणे आणि खत धरायचे, हे उघड आहे. आईने केलेल्या खुरपणीची मजुरी धरायची की नाही? ती धरली नाही तर तोटा कमी दिसतो. धरली तर मुलगा विचारणार, मग ती देतो कोण? पाठ्यपुस्तकाची व्याख्या येथे अपुरी पडते, आणि ती का अपुरी पडते हे समजून घेण्यात छात्राध्यापिकेची रात्र खर्ची पडते. त्या रात्रीलाच प्रशिक्षण म्हणतात. कांद्याचे उदाहरण मागितले तर यंत्र तेही देईल, हे खरे. परंतु ते मागावे हे सुचण्यासाठी समोरची मुले कोणाची, हे आधी ठाऊक असावे लागते.

स्वतः तांबटकाम शिकलेला अमेरिकन मार्क्सवादी हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की मक्तेदार भांडवल कामाची आखणी कामगाराच्या डोक्यातून काढून व्यवस्थापनाच्या हाती देते आणि कामगाराकडे केवळ अंमलबजावणी उरते. मग त्याची मजुरी पाडणे सोपे जाते. पाठाची आखणी हा शिक्षकाच्या कामातील असाच गाभा आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून ठोक मानधनावर राबतो. २०२३ मध्ये वाढ होईपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला दरमहा ६,००० रुपये मिळत. आखणी यंत्र करीत असेल, तर तासिका तत्त्वावरचा कोणीही पाठ वाचून दाखवील, असे म्हणायला संस्थाचालकांना वेळ लागणार नाही.

तेव्हा यंत्रावर बंदी घाला, अशी मागणी करायची काय? ती टिकणार नाही आणि योग्यही नाही. कर्नाटकातील सरकारी शाळांत मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सहभागाने ‘शिक्षा कोपायलट’ हे पाठनियोजनाचे साधन २०२३ मध्येच चाचणीला आले. केरळमध्ये ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये शिक्षकांना अशा साधनांचे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. तेथील सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरची वाट तर त्याआधीच धरली होती. एका ठिकाणी कंपनी साधन घेऊन शाळेत आली, दुसऱ्या ठिकाणी सार्वजनिक यंत्रणेने पुढाकार घेतला. हा भेद लहान नाही.

छात्राध्यापकापुरते बोलायचे तर क्रम महत्त्वाचा. पहिले टाचण त्याचे स्वतःचे असावे. त्यानंतर ते यंत्रापुढे ठेवून उणिवा विचाराव्यात, मुले कोणत्या चुका करतील याचा अंदाज मागावा, आणि मिळालेले उत्तर मार्गदर्शक शिक्षकासमोर तपासावे. पाठ झाल्यावर काय फसले याची नोंदही त्यानेच लिहावी. बी.एड.साठी २०१४ च्या नियमांनी किमान २० आठवड्यांची आंतरवासिता घालून दिली. ती कागदावर न राहता शाळेत व्हायची, तर सराव शाळेतील अनुभवी शिक्षकाला छात्राध्यापकासाठी मोकळा तास हवा आणि महाविद्यालयात पूर्णवेळ प्राध्यापक हवेत. २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे २०२० च्या धोरणाने ठरवले आहे. त्याचे अभ्यासक्रम विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांतून ठरतील. शिक्षक व विद्यार्थी संघटनांनी या दोन्ही मागण्या तेथे आताच मांडल्या पाहिजेत.